मामाचा कापूस, माझं इंग्रजी

माझं इंग्रजी कसं आहे म्हणता? सांगतो, पण हसायचं नाही. बरं, हसा! अकोल्याचा अख्खा बाजार हसला, तिथं तुमची काय मोठी भर पडणार?

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचं मोल आलं, तेव्हाची गोष्ट. वजन वाढावं म्हणून काही लबाड लोक कापसावर पाणी मारायचे, म्हणून माल तपासायला बाजारात एक गोरा साहेब बसवला होता. त्यानं नेमकी माझ्या नथ्थूमामाची बाळापूरहून आलेली गाडी अडवली. एक बोजा ओला निघाला होता ना!

मामा रडकुंडीला आला. माल जाईल तो जाईल, पण एकदा लबाड म्हणून नाव झालं की गावात तोंड कसं दाखवायचं?

"बापू, तू इंग्रजी शिकला ना? मंग सायबाले अर्ज लिहून दे. गाडी नाल्यात कलंडली, बोजा भिजला. बस, खरं हाय तेच लिही."

"एवढंच? मामा, इंग्रजीत असं चालत नाही!"

अमरावतीचे आमचे मास्तर सांगायचे, इंग्रजी वाक्यं सुटी सोडू नका, एकमेकांत गुंफा. त्यासाठी 'म्हणून', 'तथापि', 'शिवाय', 'कारण' यांचे इंग्रजी शब्द त्यांनी घोकून घेतले होते. कुठला शब्द कुठे घालायचा हे ज्या दिवशी शिकवलं, त्या दिवशी मी मावसभावाच्या लग्नात बुंदी खात होतो.

मग काय केलं? पंगतीत वाढपी भेदभाव करत नाही, तसे मीही ते शब्द ओळीनं वाढत गेलो. एकही वाक्य उपाशी ठेवलं नाही! वर दोन-चार वाक्यं माझ्या पदरची घातली. अक्षर तर असं काढलं की मामा कागदाकडे बघून हात जोडायला लागला.

साहेबानं अर्ज वाचला. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचला. मग शिरस्तेदाराला म्हणाला, मोठ्यानं मराठीत वाचा.

शिरस्तेदारानं घसा खाकरला. "गाडी नाल्यात पडली. म्हणून माझा कापूस स्वच्छ आहे. तथापि माझे वडील प्रामाणिक होते. शिवाय एक बोजा भिजला. कारण साहेब फार दयाळू आहेत."

मग शिरस्तेदारानंच विचारलं, "काय हो, तुम्ही कापूस नाल्यात धुता?"

"धुतो?" मामा उसळला. "कापूस का धोतर हाय धुवाले?"

"आणि वडील प्रामाणिक होते, पण तुम्ही नाही?"

"असं कोन म्हन्ते?"

"तुमचाच अर्ज म्हणतो!"

तेवढ्यात साहेब अस्सल मराठीत बोलला, "आणि बोजा माझ्या दयेनं भिजला होय? मला वाटलं, मीच इंग्रजी विसरलो!"

जो हशा पिकला म्हणता! मला तर कापसाच्या ढिगात घुसावंसं वाटलं.

मामानं मात्र हात जोडले. "सायेब, गाडी नाल्यात कलंडली. मांगचा बोजा पान्यात गेला. बाकी समदे कोरडे हायेत. हात घालून पाहा."

ना 'म्हणून', ना 'तथापि', तरी एका वाक्याचं बोट धरून दुसरं आलं आणि सगळ्यांना सगळं कळलं. साहेबानं एकेका बोज्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. सगळे कोरडे! चाकांना नाल्याचा चिखल होताच. ओला बोजा वाळवायला सांगून त्यानं गाडी सोडली. मामाची अब्रू वाचली आणि माझ्या जिवात जीव आला.

मी हळूच अर्ज परत मागितला, तर साहेबानं तो घडी करून खिशात घातला. म्हणाला, "हा विलायतेला जाणार. माझी बायको आजारी आहे, फार दिवसांत हसली नाही."

तेव्हापासून मी चारचौघांत छाती फुगवून सांगतो, "माझं इंग्रजी पार विलायतेत वाचलं गेलं आहे!"

आणि मामा शेजारीच बसलेला असतो. "बापू, कोनाच्या औषधासाठी वाचलं, थे बी सांग ना!"