आबांची चतकोर

वाशीमकडून शिरूरला आले तेव्हा माझी आठवीत सुटलेली शाळा आणि नवऱ्याची कंपनीतली नोकरी, एवढंच आमच्याजवळ होतं. घरमालक आबा नि आजींनी खोली दिली, ती भाडेकरू म्हणून. पण पहिल्या बाळंतपणात माझं डोकं आजींनीच मांडीवर घेतलं. हे मी विसरत नाही.

आबा धनगर. तरुणपणी घोड नदीच्या काठानं इनामगावपर्यंत मेंढरं नेलेला माणूस. गेल्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि गिळणं अवघड झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं वाटून, गाळून, घट्टसर द्या; कण राहिला तर फुप्फुसात जाईल. आजी वाटीत लगदा घेऊन बसायच्या. आबा दात आवळायचे. "असंच चाललं तर नाकातनं नळी," डॉक्टरांनी सांगून टाकलं.

मी केकच्या दुकानात कामाला. तिथं थ्रीडी प्रिंटर आहे. नळीत पातळ चॉकलेट भरलं की थरावर थर देत फुलं, नावं काढतो. मला त्याला हात लावायचीही भीती. तरी मालक चाचांना विचारलंच, बाजरीच्या शिजवलेल्या लगद्याची भाकरी काढली तर चालेल का? नोकरी जाते का काय, असं वाटत होतं.

चाचा म्हणाले, "त्याला काय कळतंय चॉकलेट हाय का बाजरी! धुऊन ठेव म्हंजी झालं."

लगदा दोनदा अडकला. मग फडक्यातून गाळून घेतला, तेव्हा सुरेख गोल भाकरी उतरली. कडासुद्धा जमल्या होत्या. डब्यातून जपून नेली, आबांना ताठ बसवून पुढ्यात ठेवली. आबांनी चांगला हात कपाळाला लावला, नमस्कार केला आणि तोंड फिरवलं.

आजी मात्र हसत सुटल्या. "आगं पोरी, अख्खी भाकर बिरोबाम्होरं ठेवत्यात. माणसाला मोडून वाढायची. तू ह्यास्नी जित्तेपणी देव केलं की!"

आमच्याकडे ताटात अख्खीच वाढतात. मला काय माहीत? बरं, ही मोडावी तर नुसती विस्कटायची.

दुसऱ्या दिवशी चाचांना म्हटलं, चतकोरच काढा, तुटलेल्या कडेची.

"काल गोल येईना म्हणून रडत हुतीस, आज मोडकी पायजे व्हय?" म्हणत त्यांनी वेडीवाकडी कड आखून दिली.

आबांनी ती चतकोर बराच वेळ न्याहाळली. मग स्वतःच्या हातानं उचलली. मी त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले. घाटी खाली गेली, वर आली. ठसका नाही. दुसरा घास. तिसरा. ताटली रिकामी झाली तशी त्यांनी ती माझ्याकडं सरकवली आणि जड जिभेनं म्हणाले, "वाढ."

मी एकच आणली होती.

"बघतीस काय," आजी डोळे पुसत ओरडल्या, "पळ की!"

दुकानात पोचले तेव्हा चाचा माझ्या पायांकडं बघून हसायला लागले. एक चप्पल माझी होती, एक आजींची.