दादीने घरात आणलेली बाई

कडुलिंबाच्या पाल्याची धुरी नाकात गेली की मला मसोलीतलं आमचं घर आठवतं. आम्ही सिद्दी, पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून गलबतांवर आलेले. वस्तीत भांडण असो की बाळंतपण, बोलावणं माझ्या दादीलाच यायचं. मी लहान असताना एका उन्हाळ्यात देवीची साथ आली. तलासरीकडून चिकूच्या वाडीत कामाला आलेल्या एका बाईच्या अंगावर फोड दिसताच मालकाने तिला बाहेर काढलं. दादीने तिला बैलगाडीत घालून आणलं. आई दारात आडवी आली. “अम्मा, घरात तान्हं पोर आहे!” “मग हिला रस्त्यावर मरू देऊ?” असं म्हणत दादीने तिला मागच्या पडवीत निजवलं आणि स्वतःही तिथेच राहिली, आमच्याजवळ फिरकली नाही. दिवसभर पाला धुमसत असायचा, भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू यायचं. बाई वाचली. माझा धाकटा भाऊ मात्र देवीनेच गेला. साथ गावभर होती. त्याला ती कुठून लागली, कोण सांगणार? पुढे ती बाई रानातल्या कंदांची टोपली घेऊन अंगणात आली. आमचं पोर गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. आई तिच्यावर धावून गेली, तशी दादी मध्ये आली. “तिला नको. मला मार.” आईने सगळ्या वस्तीसमोर खरंच मारलं, आणि दादी हात खाली सोडून उभी राहिली. आता मीही आजी आहे. कुणी दादीचे गुण गायला लागलं की मी हो म्हणते, पण डोळ्यांसमोर आधी आईचा उगारलेला हात येतो.