मेन स्विच बंद केल्यावरही

आमच्या घरात लिनक्स आलं आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरला हात लावला की झटका बसायला लागला. त्यामुळे सगळा दोष लिनक्सवर गेला.

घर नवं होतं. बाबा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. रामकृष्णपुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही जमनापार, म्हणजे यमुनेच्या पलीकडे, राहायला आलो होतो. ऑफिसातल्या आणि ओळखीतल्या लोकांनी मिळून तिथे सोसायटी उभी केली होती, आणि बाबा तिचे सेक्रेटरी होते. बांधकाम चालू असताना दर रविवारी ते डबा घेऊन, बस बदलत तिथे जायचे. संध्याकाळी सिमेंटने पांढरे पडलेले बूट दाराबाहेर काढायचे आणि कुठपर्यंत काम आलं ते आम्हाला सांगायचे. आजूबाजूला तेव्हा कोबीची शेतं होती आणि शेतांच्या मधोमध आमच्यासारख्याच अर्धवट इमारती.

मी कॉलेजात होते. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून सुटे भाग आणून कॉम्प्युटर मीच जोडला होता. एका मासिकाबरोबर लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी मिळाली, ती जुनी सिस्टीम काढून टाकली, आणि मी वेडीच झाले. सुरू होताना ते काही लपवत नसे. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ यायची: हे तपासलं, ठीक आहे, ते तपासलं, ते मात्र चाललं नाही. आईला ते बघवत नसे.

"हे काय अशुभ काळं काळं आणलंयस घरात?"

थंडी सुरू झाली होती. सकाळी कॉम्प्युटरच्या पेटीच्या पत्र्याला बोट लागलं की कोपरापर्यंत सणक जायची. एकदा तर हात असा उडाला की चहाचा कप भिंतीवर गेला.

"आधी ते लिनक्स काढून टाक," आई म्हणाली.

"आई, लिनक्समुळे शॉक नाही बसत."

"मग आधी का नव्हता बसत?"

मी आतला पॉवर सप्लाय बदलून आणला. पायाखाली वर्तमानपत्रं घातली. आणि सांगायला लाज वाटते, पण एके दिवशी लिनक्स काढून जुनी सिस्टीमही परत टाकली. झटका तसाच. मग लिनक्स पुन्हा टाकलं.

एका रविवारी सकाळी मी टेस्टर घेऊन बसले. पत्र्याला लावला, दिवा लागला. प्लग काढला, दिवा गेला. म्हणजे वीज भिंतीतून येत होती. भिंतीवरच्या सॉकेटच्या तीन भोकांपैकी वरच्या, मोठ्या भोकात टेस्टर घातला तर तिथेही दिवा लागला.

"असं कसं?" बाबा पेपर टाकून आले. "ते अर्थिंगचं आहे. उपकरणात बिघाड झाला तर वीज तिथून जमिनीत जाते. एरवी तिथे काही नसतंच." त्यांनी स्वतः लावून पाहिलं. मग दाराशी जाऊन मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. "आता बघ."

दिवा लागलेलाच होता.

बाबा पुन्हा मेनपाशी गेले, हात लावून तो बंद असल्याची खात्री करून आले. घरातली सगळी वीज बंद होती आणि तरीही ती माझ्या कॉम्प्युटरच्या पत्र्यावर होती. मग ती होती कोणाची?

आम्ही खाली मीटरच्या बोर्डापाशी गेलो. शेजारीच निवृत्त सुभेदार काका राहायचे, साताऱ्याकडचे. कानटोपी घालून ते बाहेर आले.

"काय झालं, सेक्रेटरीसाहेब?"

त्यांच्या मागे खोलीत हीटर लाल झालेला दिसत होता. काकूंनी तो आमच्या देखत काठीने बाजूला सरकवला.

"काठीने का?" मी विचारलं.

"हात नाही लावायचा त्याला," काकू म्हणाल्या. "पकडतो. थंडी पडली की रोज सकाळी लावतो बघ, जुना आहे."

मी त्यांना तो बंद करायला लावला आणि धावत वर गेले. टेस्टरचा दिवा आता लागत नव्हता. हीटरमधून गळणारी वीज जमिनीत जायच्या ऐवजी अर्थिंगच्या तारांमधून घराघरांत चढत होती.

बाबांनी माळ्याचं फावडं घेतलं. बोर्डामागून अर्थिंगची हिरवी तार जमिनीत जात होती, तिथे ते स्वतः खणायला लागले. फार खणावं लागलं नाही. तार वर आली ती मोकळीच. टोकाला काही जोडलेलं नव्हतं. अर्थिंगच्या खोल खड्ड्यात पुरतात ती ना तांब्याची प्लेट, ना तिच्याभोवतीचा कोळसा, ना मीठ. नुसती मातीत खुपसून ठेवलेली.

"मी खड्डा पाहिला होता," बाबा म्हणाले. "एका रविवारी पाहिला. पुढच्या रविवारी बुजवलेला होता."

तोवर जिन्यात माणसं जमली होती, आईही खाली आली होती, आणि एकेकाचं बाहेर यायला लागलं. काकू फ्रिज उघडायच्या आधी रबरी चप्पल घालायच्या. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी म्हणाल्या, "मैं तो इसे गठिया समझके तेल मल रही थी जी!" त्यांना तो संधिवात वाटला होता. सगळ्यांना झटके बसत होते आणि कोणीच कोणाला बोललं नव्हतं. आपल्याच घरात काही खोट आहे असं प्रत्येकाला वाटत होतं.

बाबा आईकडे वळले. "तुला?"

आईने पदराला हात पुसले. "वॉशिंग मशीनचं बटण मी लाटण्याने दाबते. थंडी पडल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने बांधलंत. काय बोलणार?"

मला राहवलं नाही. "मग लिनक्सला का नावं ठेवत होतीस?"

"त्याला काय," आई म्हणाली, "त्याला वाईट वाटणार नव्हतं."

ती हे अगदी साधेपणाने बोलली. कोणी हसलं नाही. बाबा हातातल्या फावड्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रोज आमच्याबरोबर जेवणारी बाई त्यांची इमारत जपण्यासाठी लाकडाने बटणं दाबत होती, हे त्यांना त्या जिन्याखाली, सगळ्यांसमोर कळलं.

इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराला फोन केला की तो नुसता वाजत राहायचा. त्याच्या पत्त्यावर भलतेच लोक राहत होते. बाबांनी मीटिंग बोलावली, झालं ते उभं राहून सांगितलं आणि सेक्रेटरीपद सोडलं. राहा म्हणणारे होते, पण ते ऐकेनात. एवढंच म्हणाले, "नवीन खड्डा होईल तेव्हा मात्र मी असेन."

तो झाला त्या दिवशी त्यांनी ऑफिसला सुट्टी घेतली. खुर्ची टाकून सकाळपासून खड्ड्याच्या काठाशी बसले, जेवलेही तिथेच. मजूर प्लेट सोडायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला. "रुको भाई, एक मिनट." आणि ऑफिसच्या पँटमध्येच ते खड्ड्यात उतरले. प्लेट हाताने धरून बसवली, तार ओढून बघितली, पुन्हा ओढली. मग कोळसा आणि मीठ पडायला लागलं तरी तिथेच उभे. शेवटी सुभेदार काकांनी वाकून हात दिला आणि त्यांना वर ओढून घेतलं.