मामाच्या हातचा पहिला घास

मामा जेवू घालायला लागला की माणसं खिडकीतून पळत. खोटं वाटत असेल तर वाडीच्या गोदामांपाशी कुणाही जुन्या माणसाला विचारा. मामा ट्रक ड्रायव्हर, पण त्याचा स्टोव्ह पेटला की हमाल, पंक्चरवाला, पत्ता विचारायला थांबलेला वाटसरू, सगळे पंगतीत. एकदा चलान फाडायला आलेला हवालदार वांग्याचा रस्सा ओरपून टोपी विसरून गेला. "खा ना गा! लाजून काहून राहिला?" ही मामाची आरोळी ऐकून म्हणे काटोलच्या बाजारातली संत्री आपोआप सोलली जात.

साऱ्या वाडीचा हा मामा, पण सख्खी भाची एकच. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सक्करदऱ्यात राहणाऱ्या बहिणीची, शांतेची बेबी. तिचं उष्टावण व्हायचं होतं. पहिला घास भरवायचा मान मामाचा. तोवर पोरीच्या तोंडी अन्न लावायचं नाही, अशी शांतेच्या घरची रीत.

"माह्या भाचीचं उष्टावण, अन् वाटीभर खिरीवर भागवू? चांदीची वाटी आणीन. सारा सक्करदरा जेवला पाहिजे!" मामा गरजला. आम्ही शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मी तर बँडही सुचवला.

मग मद्रासचा माल निघाला, मग कलकत्त्याचा, मग ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मामाचा निरोप एकच, "आलोच पुढच्या पुनवेले." पुनवा येत आणि जात. इकडे वाढत्या बेबीला आईचं दूध पुरेना. तिला साखरपाणी देत, चहात बुडवलेलं बोट चोखवत. चहा चालत होता, भात चालत नव्हता! शांता कळवळली की सासू म्हणे, "मामाचा मान हाय वं. भाऊ जन्माचा रुसन." त्यात हगवण लागली, आणि पोटाला विसावा म्हणून घरच्यांनी अंगावरचं दूधही तोडलं.

मामा चांदीची वाटी घेऊन आला तेव्हा बेबी दवाखान्यात होती. मी त्याच्यासोबत होतो.

"काय काय खाते ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अजून उष्टावण नाही झालं," शांता म्हणाली.

बाईंनी बेबीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "हगवण नंतर लागली हिला. आधी उपास घडला." मामानं वाटी पुढे केली. त्यांनी मान हलवली. "आता घास गिळायची ताकद नाही तिच्यात."

बेबी गेली. इथे मला काहीच वाढवून सांगता येत नाही.

मामाला कुणी बोल लावला नाही, शांतेनंही नाही. तेच त्याला सोसेना. मी म्हणालो, "मामा, रीत काय तू काढली?"

"रीत कोणाचीबी असो गा. मी मद्रासले जाऊन आलो. वाडीहून सक्करदरा किती दूर हाय, सांग मले?"

पुढे शांतेला मुलगा झाला. त्याच्या उष्टावणाचा विषय मामानं काढला नाही, आणि त्याच्यासमोर काढायची कुणाची छाती झाली नाही. एके दिवशी आम्ही दोघं न कळवता तिच्या घरी गेलो. पोरगं जमिनीवर बसलेलं, तोंड कानापर्यंत वरणभातानं माखलेलं. आम्हाला पाहताच शांतेनं भाताचा हात पाठीमागे नेला. सासू धावली, "मामा, नुसतं चाटवलं हो..."

मामा उंबऱ्यातच बसला. "माही वाट नाही पाहिली?"

"नाही पाहिली, दादा."

"लय चांगलं केलं वं," मामा म्हणाला, आणि दुपट्ट्यात तोंड खुपसून असा रडला की पोरगं दचकलं. मग त्यानं आईकडे पाहून पुन्हा आ केला. शांतेनं भावाकडे न बघता पुढचा घास भरवला.