अरबाबांनी फोडलेला कठडा

अमिरातीतल्या उम्म अल कुवैनला आम्ही भाड्याने राहायचो ते घर एकमजली, जुन्या अरबी पद्धतीचं होतं. चारी बाजूंनी उंच भिंत, मध्ये अंगण, अंगणातून वर जाणारा सिमेंटचा जिना आणि वर सपाट गच्ची. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. नवरा तिथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि मुलगी सात वर्षांची. आम्ही दोघंही रत्नागिरीकडचे. मे महिना लागला की कौलं परतायची, पडवीला झापं बांधायची, हे मी माहेरी लहानपणापासून केलेलं. त्यामुळे पावसाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायची गरज आहे असं वाटत नसे. इथला पाऊस म्हणजे थंडीत कधीतरी येणारा शिडकावा. दोरीवरचे कपडेसुद्धा त्यात धड भिजत नसत.

घराचे मालक शेजारीच राहत. सत्तरीच्या आसपासचे, उंच, वाळलेले. सगळे त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणत, म्हणून आम्हीही. तरुणपणी खजुराची गलबतं घेऊन ते मुंबईला आणि कोकणातल्या बंदरांपर्यंत येऊन गेले होते. त्यामुळे त्यांना हिंदी येई, पण ती चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या गोदीतली हिंदी. मला ते बिन्ती म्हणायचे, म्हणजे पोरी. नवरा घरी नसला की दाराच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. बाहेरूनच हाक मारून बोलायचे.

त्या जानेवारीत एका बुधवारी सकाळी त्यांनी अशीच हाक मारली. मी दारात गेले तर ते आभाळाकडे बघत उभे होते. आभाळ स्वच्छ होतं. फक्त वारा नेहमीसारखा समुद्राकडून न येता उलटा, वाळवंटाच्या बाजूने येत होता, कोमट आणि दमट. दोन दिवस हा उलटा वारा, कौस, वाहतोय, ते म्हणाले. थंडीत कौस वाहिला की मागून पाऊस येतोच, आणि या वेळी तो मोठा असेल. त्यांनी मला खिडक्या दाखवायला सांगितल्या.

मी मनात हसले होते, हे कबूल करते. पण म्हाताऱ्या माणसाचा मान राखायचा म्हणून कारखान्यात फोन करून नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, अरबाब सांगतात ते कर, मीही लवकर येतो.

अरबाब घरी जाऊन एक पत्र्याचा डबा, कापसाची गाठोडी, लाकडी हातोडा आणि बोथट पटाशी घेऊन आले. डब्याचं झाकण उघडलं आणि मी जागच्या जागी थबकले. तो मुशी माशाच्या तेलाचा वास होता. आमच्या खाडीवर कोळी लोक होड्यांना हेच तेल चोपडायचे. शाळेत जाताना नाक दाबून पळायचो आम्ही त्या वासातून. इतक्या वर्षांनी, समुद्राच्या या काठावर, तोच वास माझ्या स्वयंपाकघरासमोर उभा होता. मी त्यांना सांगितलं. ते मान हलवत एवढंच म्हणाले, की समुद्र एकच आहे, मग तेल वेगळं कसं असेल.

काम असं होतं. भिंतीत भोक पाडून बसवलेल्या एसीच्या खोक्याभोवती आणि खिडक्यांच्या चौकटींभोवती बोटभर फटी होत्या. गलबताच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात तशा त्या बुजवायच्या. कापसाची लांब दोरी वळायची, तेलात भिजवायची आणि पटाशीने ठोकून आत बसवायची. अरबाब घरात न येता बाहेरच्या बाजूने ठोकू लागले, मी अंगणात बसून कापूस वळायला घेतला. जन्मभर देवासाठी वाती वळलेले हात माझे. बघता बघता हात-हातभर लांबीच्या वातींचा ढीग झाला. अरबाब ठोकायचे थांबून पाहत राहिले. जहाजावर हे काम चार माणसं करत, ते म्हणाले, आणि कुणाचीच दोरी इतकी सारखी येत नसे. संध्याकाळी नवऱ्याने बासमतीच्या रिकाम्या गोण्यांमध्ये वाळू भरली, त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या आणि दाराच्या उंबऱ्याशी रचल्या. घरभर वास भरला होता. मुलगी नाकाला रुमाल लावून जेवली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तिकडे शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, कारखाना मात्र चालू. नवरा सकाळी कामावर गेला. नऊच्या सुमारास उजेड पिवळा झाला, मग हिरवट. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर समुद्राच्या बाजूचं आभाळ जमिनीला टेकलं होतं. वारा एकाएकी पडला. कबुतरं गप्प झाली. आणि मग तो आला.

कोकणातला पाऊस मी पाहिलेला होता. तो दिवसेंदिवस पडतो, आपल्याला त्याची सवय करून देतो. हा तसा नव्हता. कधी येईल याचा नेम नसलेला, आणि आला तर सगळं एकदम देऊन टाकणारा. आधी गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा अंगणातल्या फरशीवर आपटून गुडघ्यापर्यंत उडत होत्या. मुलगी खिडकीला चिकटून बसली होती. तिने आयुष्यात गारा पाहिलेल्या नव्हत्या, आणि एवढ्या मोठ्या मीही नव्हत्या पाहिल्या. गल्लीत पाणी साचलं, चढत चढत दाराशी आलं, गोण्यांना टेकलं आणि थांबलं. मी प्रत्येक खिडकीशी जाऊन हात फिरवला. चौकटी कोरड्या होत्या. एक थेंब आत आला नव्हता.

नवऱ्याचा फोन आला. कारखान्यासमोरच्या रस्त्यावर गाड्या अर्ध्या बुडाल्या होत्या, संध्याकाळपर्यंत निघता येणार नव्हतं. मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, इकडे सगळं ठीक आहे.

फोन ठेवला आणि मुलगी झोपायच्या खोलीतून बाहेर आली. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलायची.

"आई, इट्स रेनिंग इनसाइड."

छताच्या मधोमध दिव्याच्या जागी पाण्याची धार लागली होती. भोवतीचा गिलावा काळपट पडून पोटासारखा फुगला होता. मी आधी मेन स्विच पाडला. मुलीला स्वयंपाकघरात बसवलं, तिथून हलू नकोस म्हटलं, आणि डोक्यावर टॉवेल टाकून जिना चढले.

वर गच्ची नव्हती. वर तळं होतं. पाऊल टाकलं तर घोटा बुडून वर पाणी आलं, आणि झोपायच्या खोलीवर, जिथे स्लॅब मध्ये खोलगट झाला होता, तिथे अर्ध्या पोटरीपर्यंत. पाण्यावर गारांचा पांढरा थर तरंगत होता आणि पावसाच्या माऱ्याने तो सगळा थर हलत होता, श्वास घेतल्यासारखा. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. आमची कौलारू घरं पाणी अंगावर ठेवतच नाहीत. या घराने सगळं पाणी उचलून धरलं होतं, आणि त्याच्या खाली माझं अंथरूण होतं.

गच्चीचं पाणी जायला कठड्यात पन्हळ होती. मी चाचपडत हात घातला, गारा आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली. पाणी वाहायला लागलं, पण मनगटाएवढी ती धार. वरून येणारं पाणी त्याहून जास्त होतं. शेजारच्या गच्चीवरून अरबाबांनी मला पाहिलं असणार. थोड्या वेळात ते जिन्यावरून वर आले, अंगातला पायघोळ कंदुरा कमरेला खोचलेला, हातात लोखंडी पहार. दुसरी पन्हळ कुठे आहे, असं विचारत ते समोरच्या कोपऱ्यात गेले. तिथे पन्हळ नव्हती. कुणीतरी ती सिमेंटने बुजवून टाकली होती. आधीच्या भाडेकरूची गाडी त्या बाजूला उभी असायची आणि टाकीचं पाणी ओसंडलं की टपावर पडायचं, हे नंतर कळलं.

अरबाबांनी त्या सिमेंटवर दोन घाव घातले. ढलपी उडाली, बाकी काही झालं नाही. मग ते बाजूला सरकले आणि कठड्यावर तळहात ठेवून क्षणभर उभे राहिले. तो कठडा त्यांनी स्वतः बांधला होता. ठोकळे किनाऱ्यावरच्या वाळूत सिमेंट कालवून हाताने पाडलेले, आणि पाणी घालणारी त्यांची बायको होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला हे ठाऊक होतं, कारण तो कठडा दाखवून त्यांनी एकदा सांगितलं होतं.

मी ओरडून म्हटलं, थांबा, मी खालून छिन्नी आणते, सिमेंट काढू.

"दीवार फिर बनेगी, बिन्ती," ते म्हणाले. "छत गिरेगी तो बच्ची पर गिरेगी."

त्यांनी पहार उचलली आणि कठड्याच्या पायाशी घातली. तिसऱ्या घावाला ठोकळा फुटला. पाचव्याला भोक आरपार गेलं. पाणी त्यातून असं धावलं की उरलेला तुकडा त्यानेच उखडून गल्लीत नेला. त्या धक्क्यासरशी अरबाबांचा पाय गारांवरून सटकला. मी त्यांचा दंड धरला. त्यांनीही माझा हात घट्ट धरला. माझ्यासमोर कधी मान वर करून न बोलणारा तो माणूस आणि मी, दोघं तसेच पावसात उभे राहून पाणी जाताना बघत होतो. फुटलेल्या ठोकळ्याच्या कडेला बारीक पांढरे शिंपले दिसत होते, आजच समुद्रातून काढल्यासारखे स्वच्छ.

"खलास," ते हळूच म्हणाले आणि हात सोडला.

छत राहिलं. फुगलेला गिलावा पलंगावर पडला, तेवढंच. दुपारी पाऊस थांबला, वारा फिरून समुद्राकडून गार वाहू लागला. नवरा संध्याकाळी बूट हातात घेऊन पाण्यातून चालत आला. सगळं ऐकून तो अरबाबांच्या घरी गेला आणि त्यांना चहाला घेऊन आला. अंगणात बसून ते झावळ्यांच्या घरातल्या दिवसांबद्दल बोलले. तेव्हा असा पाऊस आला की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या गलबतात मुलांना नेऊन बसवायचे, वर शीड ताणायचे. झोपडी खुशाल भिजू द्यायची.

पुढचे चार-पाच दिवस नगरपालिकेचे टँकर गल्लीतलं पाणी शोषून नेत होते. कठड्याचं भोक अरबाबांनी बुजवलं नाही. कडा नीट करून तिथे मोठी पन्हळ बसवून घेतली.

तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी ते म्हणाले, चला, यल्ला, तुम्हाला काही दाखवतो. त्यांच्या पिकअपमध्ये बसून आम्ही शहराबाहेर, वाळूच्या टेकड्यांपर्यंत गेलो. मी त्या टेकड्या शंभरदा पाहिल्या होत्या. आता त्यांच्या अंगावर हिरवी लव आली होती. जवळ गेल्यावर दिसलं की ते सुईएवढे कोंब होते, मोजता न येण्याइतके, वाळूच्या कणाकणातून वर आलेले. मी विचारलं, हे कुणी पेरलं. अरबाब म्हणाले, मागच्या पावसाने. तो कधी झाला, तेही त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी चपला काढून गाडीत ठेवल्या आणि अनवाणी त्या हिरव्यातून चालत गेले, एकेक पाऊल जपून टाकत. मुलीने त्यांचं पाहून बूट काढले. मग नवऱ्याने. मी बराच वेळ गाडीपाशीच उभी होते. पाय ठेवायला मोकळी वाळू कुठे दिसते का, ते शोधत.