कोपऱ्यातल्या खाटेवरून दिसणारा टीव्ही

घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायची असली की "आये, तू चल"... आणि टीव्ही घ्यायचा म्हटलं की आईला विचारायचं कुणाला सुचत नाही. आमच्या संतोषनं, म्हणजे माझ्या लेकानं, मोबाईलवर बघून पंचावन्न इंची पसंतसुद्धा करून टाकला होता.

असो. ग्रुपवरच्या सगळ्यांना राम राम.

टीव्ही कुणासाठी, तर आमच्या म्हाताऱ्यासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी. मोतीबिंदू काढला तरी लांबचं धूसरच. कुस्त्या लागल्या की कोपऱ्यातली खाट सोडून म्हातारं टीव्हीला नाक लावून बसतं... मागच्यांना पैलवान नाही, नुसतं मुंडासं दिसतं.

मग परवा मीच निघाले. खाटेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत म्हशीच्या कासऱ्यानं माप घेतलं, गाठ मारली, कासरा पिशवीत टाकला. म्हाताऱ्यालाही गाडीत घातलं.

संतोष म्हणाला, "आये, लोक हसत्याल."
"हसू दे. दात दिसत्याल, वय कळंल."

नेवाशाच्या दुकानात भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट... पीस न् पीस मोजून घ्यावं असा. दुकानदार म्हणाला, "बघा आजी, कसा जिवंत दिसतो!"

म्हटलं, "दादा, म्हैस बाजारात आणायची असली की मालक आदल्या दिवशी धार काढत न्हाई. कास तटतटलेली दिसावी म्हणून. तुझा पोपट तसलाच हाय. आमच्या घरी लागतं ते लाव. आमी धार काढून बघितल्याबिगर जनावर घेत न्हाई."

हसला बिचारा, पण कुस्त्या लावल्या. मी कासरा पसरला, समोर नाही, तिरका. घरी खाट जशी कोपऱ्यात तशी. गाठीवर स्टूल ठेवून म्हाताऱ्याला बसवलं.

समोरून सगळ्याच म्हशी देखण्या... बाजूनं बघितल्यावर तो पंचावन्न इंची पार पांढरा पडला. म्हातारं म्हणालं, "दोघं हायत का तिघं?" संतोषचं तोंडही तसंच पांढरं.

असे तीन टीव्ही झाले. चौथा त्रेचाळीस इंची लावला आणि म्हातारं स्टुलावरून उठलं, मांडीवर थाप मारली. "अगं, पट काढला बघ त्यानं! आता घेतोय खाली!" दुकानातली गिऱ्हाइकं आपापले फ्रीज-मिक्सर सोडून गोळा झाली.

मी विचारलं, "अहो, नीट दिसतंय का?"
"गप गं, कुस्ती बघू दे!"

एरवी मला गप म्हणायची कुणाची टाप नाही. त्या दिवशी सोडून दिलं. तोच टीव्ही घेतला.

आता एकच राहिलंय. गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या हगाम्याला म्हातारं पहिल्या रांगेत बसलं होतं. तरी शेवटची कुस्ती कुणी मारली ते त्याला शेजाऱ्याला विचारावं लागलं... घरी येऊन बोललं नाही, मला दुसऱ्यांकडून कळलं. ती कुस्ती मला त्याला खाटेवर बसवून दाखवायची आहे.

ज्यानं ती मोबाईलवर काढली असेल, त्यानंच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी फुलं आणि जोडलेले हात पाठवू नका.