पिण्याआधीची गोळी

मेडिकलच्या काउंटरमागे काही वर्षं उभं राहिलं की माणूस चिठ्ठीआधी चेहरा वाचायला लागतो. आमचं दुकान कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेला लागून. संध्याकाळी कोणी ॲसिडिटीची गोळी मागितली, की मला लगेच संशय!

एका ट्रक ड्रायव्हरने सरळ विचारलं, "मॅडम, पीने से पहले लूं या बाद में?"

"ते डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर डांटेगा. इसीलिए तो आपके पास आया!"

गोळी घेऊन गेला.

सौंदडचे एक गुरुजी दर आठवड्याला बायकोसाठी म्हणून पोटाचं औषध न्यायचे. एकदा बाईच आल्या. मी विचारलं, "पोट कसं आहे आता?"

"माह्या पोटाले काय झालं?" त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "असं होय! आज येऊ दे घरी!"

गुरुजी पुन्हा आमच्या दुकानात दिसले नाहीत.

गावात आरोग्य शिबिर झालं. डॉक्टरांनी समजावलं, "जठराला आतून नाजूक अस्तर असतं. दारू ते सोलून काढते. काही औषधं आम्ल कमी करतात, काही जखमेवर थर धरतात. पण लिव्हरला ती वाचवत नाहीत."

मागून आवाज आला, "डॉक्टरसाहेब, थर धरल्यावर चढन ना पण?"

"चढेल."

"मंग काही हरकत नाही!"

आणि यशवंत मिस्त्री. उत्तम गवंडी. कामावरून सुटला की आधी आमच्याकडे गोळी, मग पलीकडे दारू. दोन वर्षं हा नेम चुकला नाही. एके दिवशी बांधकामाच्या परांचीवरच रक्ताची उलटी झाली. गोंदियाला नेलं, रक्त चढवलं. कसाबसा वाचला.

महिन्याभराने आला तो निम्मा होऊन. चिठ्ठी पुढे केली. त्यावर तीच गोळी!

मी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. डॉक्टरांची सही नीट न्याहाळली. तरी मन मानेना. म्हटलं, "मिस्त्री, खरं सांगा. पुन्हा सुरू केली का?"

तो रागावला नाही. काउंटरवर वाकून त्याने माझ्यासमोर फूं केलं. दारूचा जराही वास नव्हता.

"सोडली, ताई. पण एक सांगा. पिऊन राहिलो होतो, तवा दोन वर्षं गोळ्या नेल्या. एक डाव नाही इचारलं तुम्ही. आज काऊन इचारून राहिल्या?"